बाबांच्या नावाच्या डब्या

आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर या गावात आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती. तिथे कायम केस जळल्यासारखा वास असायचा. शिंग तापवलं की तसा वास येतो, आणि तो कपड्यांतून जातो पण केसांतून जात नाही. त्या खोलीत मी अठराव्या वर्षी कामाला बसले. उठले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते.

माझे बाबा उसाच्या मळ्यावर बैलगाडी हाकायचे. आजोबाही तेच करायचे; त्यांचे वडील मराठी मुलखातून या बेटावर मजूर म्हणून आले होते. गाडीच्या आसाला वंगण लागतं, ते ठेवायला आजोबा बैलाचं शिंग पोखरून, खाली लाकडी बूच बसवून गाडीला टांगायचे. बाबा ते काम त्यांच्याकडून शिकले आणि त्यांच्यापेक्षा बारीक करू लागले. फणी, चाकूची मूठ, तपकिरीची डबी. मळ्यावर लॉऱ्या आल्या आणि गाड्या कमी झाल्या, तेव्हा हाच त्यांचा धंदा झाला. शिंग फक्त काम करता करता मेलेल्या बैलाचं घ्यायचं, कापलेल्या जनावराचं नाही, असा त्यांचा नेम होता. खोलीतून निघाल्यावर नळाखाली आंघोळ केल्याशिवाय ते घरात पाऊल टाकत नसत. तरीही देवळातली काही माणसं आमच्या घरचा प्रसाद घेताना जरा थांबायची.

आमच्या भागात हरणांच्या शिकारीचं मोठं रान होतं. त्याला आम्ही चास्से म्हणायचो. त्याचा मालक गोरा होता, फ्रेंच बोलणाऱ्या घराण्यातला. सगळे त्याला मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणत, आम्हीही तेच म्हणत होतो. इतर शिकाऱ्यांकडे नव्या रायफली होत्या. मिस्येला मात्र पणजोबांची ठासणीची बंदूकच हवी असायची. त्या बंदुकीत नळीच्या तोंडाने दारू आणि गोळी ठासायची आणि मागे एक इवलीशी तांब्याची टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी उडते आणि बार होतो. टोपी हरभऱ्याएवढी असते. ती दमट झाली की बंदूक म्हणजे नुसती काठी.

आमच्याकडे शिकारीचे महिने म्हणजे जून ते सप्टेंबर, आमचा हिवाळा, आणि त्या महिन्यांत कार्तिए मिलितेरला झिमझिम थांबतच नाही. मिस्येच्या पत्र्याच्या डब्यांतल्या टोप्या नेहमी ओल्या व्हायच्या. एकदा त्याने बाबांची तपकिरीची डबी पाहिली आणि टोप्यांसाठी तशी करून मागितली.

बाबांनी केली. बोटभर लांबीचा शिंगाचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा करायचा. तळाला रानपेरूच्या लाकडाची चकती. वर शिंगाचंच झाकण, आतून कड काढलेलं. एका बाजूला एकच टोपी बाहेर पडेल एवढं भोक आणि त्यावर पितळी खिळीभोवती फिरणारी पट्टी. मग काचेच्या तुकड्याने खरवडायचं आणि राख नि खोबरेल लावून उजळवायचं. उन्हात धरली की डबीतून मधासारखा उजेड यायचा. डबी तयार झाली की बाबा तिच्यात चिमूटभर मीठ घालून आठ दिवस पागोळ्यांखाली ठेवत. मीठ कोरडं निघालं तरच ते तळाला आपली खूण कोरायचे, तुळशीचं पान.

मिस्येच्या मित्रांनी ती डबी पाहिली. रेयुनियनमधून, दक्षिण आफ्रिकेतून मागणी येऊ लागली. दरवर्षी मेपर्यंत पंधरा-वीस डब्या तयार हव्या असायच्या.

मी कॉलेजची, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या शाळेची, शेवटची परीक्षा पास झाले होते. संध्याकाळी देवळात मराठीचे वर्ग चालायचे, तिथले गुरुजी म्हणाले, "सरकार प्राथमिक शाळांसाठी मराठीच्या शिक्षिका घेणार आहे. तू अर्ज कर." मी केला. मार्चमध्ये मुलाखतीचं पत्र आलं. आईने ते देवाच्या फोटोमागे ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रोज सकाळी ते जागेवर आहे की नाही हे ती बोटाने चाचपून बघायची.

पत्र आल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात बाबांचा अपघात झाला.

भोकातून टोपी नीट पडते की नाही हे ते आधी मुगाचे दाणे घालून बघायचे. मूग गोल असतो, टोपी तशी नसते, म्हणून ती कधी कधी अडकायची. मिस्येने त्यांना खऱ्या टोप्यांची एक छोटी डबी दिली. "याने माप घे," म्हणाला. अशा टोप्या परवान्याशिवाय कुणाकडे असू नयेत असा कायदा होता. हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या सकाळी भोकात टोपी अडकली, आणि बाबांनी ती सोडवायला टोचा घातला.

आवाज फार मोठा नव्हता. मला वाटलं, फळी पडली. मी गेले तेव्हा बाबा स्टुलावर तसेच बसले होते आणि उजवा हात मांडीवर उलटा ठेवला होता.

"आईला बोलव," ते म्हणाले. "ओरडू नकोस."

डबीतल्या सगळ्या टोप्या एकदम उडाल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये आम्ही सांगितलं की स्टोव्हचा भडका उडाला. डॉक्टरांनी हातातून आणि डोळ्यातून चिमट्याने तांब्याचे कपटे काढले, ते एका वाटीत ठेवले, आमच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. उजव्या डोळ्यात पुढे फक्त उजेड आणि अंधार एवढंच उरलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जागेवर राहिलं, पण त्यांना काही कळेनासं झालं.

घरी आल्यावर बाबांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही. "मिस्येला यातलं काही कळता कामा नये."

"का?" मी विचारलं. "त्यानेच दिल्या होत्या ना?"

"म्हणूनच. पोलीस विचारतील टोप्या कुठून आल्या. त्याचा परवाना जाईल, माझ्यावर खटला भरतील. आणि हात गेलेल्या माणसाकडे कोण काम देतं?"

"मग डब्या?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्यावर रागावलेली नव्हती, तिने काही मागितलंही नाही. फक्त बघत राहिली. लहानपणापासून मी त्या खोलीत बसून बाबांना कानस आणि काच द्यायचे. कुठल्या वेळी काय लागतं हे मला माहीत होतं. घरात एवढं माहीत असलेली दुसरी कुणी व्यक्ती नव्हती.

"एवढ्या डब्या होऊ देत," आई शेवटी म्हणाली. "मग जा मुलाखतीला. ते लोक दरवर्षी बोलावतात."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी शिंग उकळत बसले होते. बस गेल्याचा आवाज ऐकू आला. मी बाहेर पाहिलं नाही.

पहिली तीन शिंगं मी फोडली. चौथं चपटं झालं. बाबा शेजारी बसून सांगायचे. "आता थांब. आता दाब. आणखी नको." त्यांचा डावा अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरायचा आणि ते म्हणायचे, "इथे केसभर." मी केसभर काढायचे. पहिल्या डबीतलं मीठ आठ दिवसांनी कोरडं निघालं, तेव्हा बाबांनी ते जिभेला लावून पाहिलं. मग माझ्याकडे कोरणी दिली.

"पान तूच काढ," म्हणाले. "माझ्यासारखं. देठ डावीकडे."

मेच्या शेवटी मिस्ये जीप घेऊन आला. बाबांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला होता. डोळ्याबद्दल मिस्येने विचारलं, तेव्हा मोतीबिंदू म्हणून सांगितलं. मिस्ये बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान होता आणि त्यांना क्रेओलमध्ये, बेटावर सगळे बोलतात त्या बोलीत, 'तू' म्हणायचा. डबी उघडताना हलकीशी फुस् झाली तेव्हा तो हसला. "तुझा हात दिवसेंदिवस सुधारतोय," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. ते ऐकून मला आनंद झाला होता, हे मी कबूल करते. तो आनंद व्हायला नको होता.

पुढच्या वर्षी पुन्हा पत्र आलं. तेव्हा बावीस डब्यांचं काम अर्धं झालं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी पत्र आलं नाही. देवळातल्या गुरुजींनी विचारलं, "तू गेली का नाहीस?" घरी काम असतं, एवढंच मी म्हणाले. कसलं काम, हे सांगता येत नव्हतं. आमच्या खोलीचं दार दिवसा बंद असायचं. कुणी अंगणात आलं की बाबा स्टुलावर बसायचे आणि मी उठून झाडू हातात घ्यायचे. हे इतकं सवयीचं झालं की फाटकाची कडी वाजली की माझा हात आपोआप झाडूकडे जायचा.

सर्वांत वाईट हे की मला काम आवडायला लागलं. शिंगाचा रंग कुठे फुटेल, झाकण कुठल्या दिवशी बसेल आणि कुठल्या दिवशी फुगेल हे मला हाताने कळायचं. पावसाळी हवेत मी झाकण लावून बघत नसे. चांगलं झाकण बसलं की पोटात काहीतरी शांत व्हायचं. पण ते दाखवायचं कुणाला? बाबांना. आणि बाबा म्हणायचे, "बरं आहे." खोलीला बाहेरून कडी असती तर मी ती कधीच तोडली असती. पण कडी नव्हतीच. रोज सकाळी मी माझ्या पायांनी तिथे जायचे.

मी तेवीस वर्षांची असताना कांप दे मास्क या गावाहून एक स्थळ आलं. मुलगा भाजीपाल्याचा मळा करायचा. कमी बोलणारा होता. त्याच्या आईने माझा हात हातात घेतला, बोटांवरचे काचेचे व्रण पाहिले आणि म्हणाली, "कामाची पोर आहे." त्यांना मी पसंत पडले. मलाही ती माणसं बरी वाटली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

ती माणसं गेल्यावर आई पहिल्यांदा त्यांच्यावर चिडली. "पुढच्या वर्षी काय होणार आहे? तुमचा हात उगवणार आहे?"

बाबांनी जेवण पुढ्यातून सरकवलं. त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. पाहुण्यांकडून कळलं. मी त्या दिवशी दोन झाकणं बसवली.

मग फोटोचा प्रसंग आला. मिस्येच्या ओळखीचा कुणी परदेशी माणूस शिकारीच्या मासिकासाठी लिहायचा. जुन्या हातकामाचा नमुना म्हणून त्याला बाबांचे फोटो हवे होते. ते दोघे न कळवता दुपारीच आले. मी कडीचा आवाज ऐकून झाडू घेतला, बाबा स्टुलावर बसले. त्या माणसाने बाबांच्या डाव्या हातात डबी दिली आणि उजव्या हातात कानस. कानस पडेल म्हणून बाबांनी ती गुडघ्याला टेकवून धरली. माझ्या हातावर अजून शिंगाचा पांढरा भुगा होता. पाहुण्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हात हलवला.

"तो म्हणतोय, जरा बाजूला हो," मिस्ये मला म्हणाला. "तुझी सावली पडतेय."

मी बाजूला झाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चांगला डोळा कॅमेऱ्याकडे वळवून ते ताठ बसले होते.

तो फोटो छापून आल्यावर चाळीस डब्यांची मागणी आली. मिस्येने ती आनंदाने सांगितली. "आणि पुढच्या वर्षी याहून जास्त. आता तुला दहा वर्षं काम पुरेल." बाबा म्हणाले, "हो, मिस्ये." मी सव्वीस वर्षांची होते. दहा मिळवले तर छत्तीस होतात, एवढाच हिशेब मी त्या दिवशी चुलीपुढे बसून केला.

त्या चाळिसांतली एक डबी मी मुद्दाम बिघडवली.

झाकणाच्या आतल्या कडेला एका जागी नखभर जास्त काच फिरवली. डोळ्याला दिसणार नाही इतकी. वरून मेण लावलं, म्हणजे पहिल्या काही दिवसांत फुस् आवाज येईल, आणि मग मेण निघून जाईल. तिच्यात मीठ ठेवलं नाही. बाबांना सांगितलं, ठेवलं होतं, कोरडं निघालं. ही डबी मी मिस्येच्या स्वतःच्या डब्यांत घातली. टोप्या ओल्या होतील, बंदूक वाजणार नाही, हरीण पळून जाईल, तो वैतागेल आणि म्हणेल की म्हाताऱ्याचा हात गेला. माझा विचार एवढाच होता. त्यापुढचा मी केला नाही.

जुलैत एका सकाळी जीप आली. मिस्ये खाली उतरला तो हसत नव्हता. ओसरीवर बसून त्याने डबी टेबलावर ठेवली.

"काल हरीण समोर उभं होतं," तो म्हणाला. "मी घोडा ओढला. काही नाही. मी बंदूक खाली केली आणि मग बार झाला."

टोपी दमट असली की कधी कधी ठिणगी उशिरा पोचते. मला हे माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणाला लागलं?"

"गोळी दगडावर गेली. दगडाची कपची हाकाऱ्याच्या नडगीत घुसली. हाडापर्यंत. हातभर वर असती तर..." त्याने डबी बाबांपुढे सरकवली. "आत बघ. सगळ्या टोप्या हिरव्या पडल्यात."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला.

बाबांनी डबी डाव्या हातात घेतली. झाकण काढलं. अंगठा आतल्या कडेवरून एकदा फिरवला, मग परत मागे नेला आणि एका जागी थांबवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर, मिस्येच्या समोर ठेवला.

"माझा हात गेला, मिस्ये," ते म्हणाले. "या दोन बोटांना काही लागत नाही. चूक माझी आहे."

मिस्ये त्या हाताकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याने तो पाहिलाच नव्हता.

"हे कधी झालं?"

"या हिवाळ्यात," बाबा म्हणाले. "आता मला काम जमणार नाही."

मिस्ये चांगला वागला. बाकीच्या डब्यांचा विषयही त्याने काढला नाही. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या जुन्या डब्या आहेत ना, त्या मी कुणाला देणार नाही." जीप वळून रस्त्याला लागली. बाबा ओसरीवरच बसून होते. मी ट्रे उचलायला गेले.

"तू केलंस," ते म्हणाले.

"हो."

"माणूस मेला असता."

"मला माहीत नव्हतं, बाबा. मला वाटलं, नुसती वाजणार नाही."

"तुला हे काम सोडायचं होतं, तर मला सांगायचं होतंस."

"तुम्ही कधी विचारलं?"

बाबांनी टेबलावरची डबी पुन्हा उचलली. माझ्या तोंडात मात्र आणखी एक गोष्ट होती. ती मला गिळता येईना.

"या हिवाळ्यात का म्हणालात? नऊ वर्षं झाली. त्या सगळ्या डब्या माझ्या होत्या. एकदा तरी सांगायचं."

बाबांनी डबीचं झाकण लावलं. "सांगितलं असतं, तर त्याने तुला सोडलं असतं?" ते म्हणाले. "पुढची चाळीस तुझ्या नावाने मागितली असती."

ते उठून आत गेले. त्यांना मला सोडवायचं होतं की नऊ वर्षांचं नाव स्वतःपाशी ठेवायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढेही मी विचारलं नाही. कदाचित दोन्ही असेल. त्यानंतर ते सहा वर्षं होते. आम्ही रोज एकत्र जेवलो, आजारपणात मी त्यांना भरवलंही, पण या विषयावर एक शब्द बोललो नाही. पत्र्याच्या खोलीत आईने कोंबड्या ठेवल्या.

हाकाऱ्याकडे मी पुढच्या रविवारी गेले. शिकारीत तो हरणं बंदुकीकडे हाकायचा; क्रेओल होता, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशातला, आणि चास्सेच्या वाटेवर राहायचा. मी केळी आणि आईने केलेल्या पुऱ्या नेल्या. त्याने पाय स्टुलावर ठेवला होता. बाबांची मुलगी म्हणून त्याने मला ओळखलं.

"तुझ्या बाबांना सांग, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "म्हातारपणात हात चुकतोच. मिस्येने महिनाभर सुट्टी दिलीय." मग पट्टी सोडून त्याने मला जखम दाखवली, कौतुकाने, जणू त्याने काही मिळवलं होतं.

खरं सांगायचं म्हणून मी गेले होते. त्याच्या बायकोने चहा आणला. मी चहा प्यायले, पाय लवकर बरा होवो म्हणाले आणि उठून आले. त्याच्यासमोरही मी बाबांच्याच नावामागे उभी राहिले.

शिक्षिका होण्याचं वय निघून गेलं होतं. देवळातल्या गुरुजींनी मला लहान मुलांचा शनिवारचा वर्ग दिला. मुलं बाराखडी म्हणताना अर्धं क्रेओल बोलायची आणि मी ते खोडायचे नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस मात्र भरायचे होते. त्या वर्षांत जिकडेतिकडे कपड्यांच्या फॅक्टऱ्या निघत होत्या आणि बस भरभरून बायका कामाला जात होत्या. मीही नाव नोंदवायला गेले. लांबलचक हॉल, उंच बारीक खिडक्या, शेकडो मशिनींचा आवाज आणि लोकरीचा तंतू घशात. दारापाशी टेबल टाकून एक बाई फॉर्म भरत होती. माझ्याहून लहान असेल.

"हातकाम येतं?" तिने विचारलं.

"थोडंफार."

"याआधी कुठे काम केलंस?"

मी तोंड उघडलं. शिंग म्हणावं, डबी म्हणावं, तर कुणाची, कुणाच्या नावाने, हेही सांगावं लागलं असतं. माझ्या मागे रांगेत पंधरा बायका होत्या.

"कुठेच नाही," मी म्हणाले. "घरीच होते."

तिने तसं लिहून घेतलं आणि मला स्वेटरचे गळे जोडणाऱ्या रांगेत नेऊन बसवलं.